खोडलेला एकविसावा घोडा

८ मे २०२२, रविवार. पहाटेचे ४ वाजून २७ मिनिटं. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी काका आणि मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बसलो होतो. तिकडे अमेरिकेत केंटकीमध्ये अजून शनिवारची संध्याकाळ होती आणि चर्चिल डाउन्सवर १४८वी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत सुटत होती. दोन मिनिटं अडीच सेकंदांत सगळं संपलं. मी वही पुढे ओढली. जिंकलेल्या घोड्याच्या नावावर माझ्याच हातची आडवी रेघ होती.

घोडा रिच स्ट्राइक. नंबर २१, भाव ८० ला १ आणि वर थोडा, म्हणजे लावलेल्या एका डॉलरवर ८० डॉलर नफा. दोन डॉलरच्या विनच्या, म्हणजे घोडा पहिलाच येईल अशा तिकिटावर १६३ डॉलर ६० सेंट मिळाले. १९१३ साली डोनरेल ९१च्या भावानं जिंकला होता. त्यानंतर एवढ्या मोठ्या भावाचा घोडा डर्बीत आला नव्हता. पुढचे कित्येक दिवस सगळे म्हणत राहिले की हा कोणालाच दिसणं शक्य नव्हतं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. तो जिंकेल हे कोणालाच सांगता आलं नसतं, पण त्याला खोडायला नको होतं एवढं कळण्यासारखं सगळं माझ्या वहीत होतं. रेघ का ओढली गेली ते इथे सविस्तर मांडतो.

आधी वहीबद्दल. काकांचे वडील गायकवाड सरकारच्या पागेत मोतद्दार होते. काका ऐंशी ओलांडून गेले आहेत, पण लहानपणी कानावर पडलेलं त्यांना आजही मुखोद्गत आहे. १९४३ साली मुंबईला पहिली इंडियन डर्बी झाली ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलनं, वर जॉकी एडगर ब्रिट. त्याच ब्रिटनं १९४७ साली इंग्लंडात प्रतापसिंहरावांच्या ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्यावर सेंट लेजर मारली, आणि पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबूनं टू थाउजंड गिनीज. आमच्या घरात ही नावं नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जातात. आज मात्र वडोदऱ्यात रेसकोर्स नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात म्हटलं खरं, पण त्याचा अर्थ घरी बसून कोणालाही फोनवर पैसे लावावेत असा होत नाही. म्हणून आमचा नियम ठरलेला: खरे पैसे फक्त पुणे किंवा मुंबईच्या मैदानावर, तेही स्वतः जाऊन. परदेशातल्या शर्यती कागदावर. प्रत्येक घोड्याचा हिशेब, आपला अंदाज, आपला भाव, आणि कागदी शंभर रुपये. निकालानंतर वही तपासायची. या वहीनं मला जेवढं शिकवलं तेवढं मैदानानंही शिकवलेलं नाही, कारण वहीत नंतर काही बदलता येत नाही.

डर्बीचे वीस घोडे मी गुरुवारपर्यंत लिहून काढले होते. रिच स्ट्राइक त्यांत नव्हताच. तो राखीव यादीत होता. शुक्रवारी सकाळी तिकडच्या ९च्या मुदतीला जेमतेम क्षण उरले असताना इथेरिअल रोड मागे घेतला गेला आणि याला जागा मिळाली. गेट सगळ्यांत बाहेरचं, विसावं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. जेवणाआधी मी एकविसावी ओळ वाढवली, मागच्या तीन शर्यती पाहिल्या (तिसरा, चौथा, तिसरा) आणि रेघ ओढून मोकळा झालो. बाकीच्या प्रत्येक घोड्याला मी अर्धा-पाऊण तास दिला होता. याला पाच मिनिटं. मला वाटतं, तिकडच्या हजारो लोकांनीही हेच केलं असणार. पंधरा दिवस चर्चा वीस नावांची चालली, एकविसावं शेवटच्या दिवशी आलं. ८०च्या भावात घोड्याच्या कुवतीइतकाच या उशिराचाही वाटा होता असं माझं मत आहे.

शनिवारी रात्री काकांनी वही मागितली. चष्मा लावून ते एकेक ओळ वाचतात, घाई नाही.

“हा का खोडलास?”

“काका, सात शर्यतींत एकदा जिंकलाय. शेवटच्या तीन पाहा ने. एकदासुद्धा दुसरादेखील नाही.”

“त्या तीन कुठे?”

“टर्फवे पार्कवर.”

“जमीन कसली?”

टॅपेटा, मी म्हणालो. आणि म्हणतानाच मला कळलं की हे मी वहीत लिहिलेलंच नाही. शर्यतीचं नाव होतं, अंतर होतं, नंबर होता. जमिनीचा रकानाच नव्हता.

पुण्या-मुंबईचे आपण लोक गवतावरच्या शर्यती पाहत मोठे झालो, त्यामुळे जमीन हा प्रश्न आपल्याला फक्त पावसाळ्यात पडतो. अमेरिकेत तीन वेगळ्या जमिनी आहेत आणि घोडा एकीवरून दुसरीवर गेला की जणू वेगळाच घोडा होतो. पहिली डर्ट. कडक तळावर वाळू, गाळ, चिकणमाती यांचा काही इंचांचा थर. टाप पडली की खूर थोडा पुढे सरकतो आणि मग पकडतो. पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेली माती मागच्यांच्या तोंडावर सपासप बसते. कित्येक घोडे तेवढ्यानंच मान वर करून सोडून देतात. म्हणून डर्टवर सुरुवातीपासून पुढे राहणाऱ्याला फायदा असतो. दुसरी गवताची. तिथे बहुतेक वेळा घोडे आधी दमानं पळतात आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये खरी लढत होते. लागतो तो शेवटचा झपाटा. तिसरी कृत्रिम: वाळूवर मेणाचं आवरण, त्यात तंतू, कुठे रबराचे तुकडे. पॉलिट्रॅक, टॅपेटा ही तिचीच नावं. टॅपेटा मायकेल डिकिन्सन या ट्रेनरनं तयार केली. पाणी खाली निथळून जातं, म्हणून पावसातही ती फारशी बदलत नाही. माती कमी उडते. खूर सरकत नाही, लगेच धरला जातो. अशा जमिनीवर गवताचे घोडे बरे चालतात आणि डर्टचे नामांकित घोडे कधीकधी साधारण दिसतात.

याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण रिच स्ट्राइकच्या घरातच आहे, आणि तेही मला माहीत होतं. त्याचा बाप कीन आइस, आजोबा कर्लिन. कर्लिन २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा अमेरिकेचा वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. २००७ची ब्रीडर्स कप क्लासिक त्यानं चिखलात मारली, २००८ची दुबई वर्ल्ड कप डर्टवर. मग त्याच वर्षी ब्रीडर्स कप सांता अनीटाला कृत्रिम जमिनीवर झाली आणि हाच घोडा चौथा आला. पहिला रेव्हन्स पास, दुसरा हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघंही युरोपातल्या गवतावर वाढलेले. कर्लिन त्या दिवशी वाईट घोडा झाला नव्हता. पायाखालची जमीन त्याची नव्हती. कीन आइसची मोठी कामगिरीही डर्टवरचीच: २०१५ची ट्रॅव्हर्स शर्यत, सव्वा मैल, अमेरिकन फॅरोला मागे टाकून. डर्बीचं अंतरही सव्वा मैलच, म्हणजे २,०१२ मीटर.

त्या रात्री आम्ही रिच स्ट्राइकच्या सात शर्यती जमिनीप्रमाणे वेगळ्या केल्या. गवतावर एक, एलिस पार्कची पदार्पणाची, त्यात तो सगळ्यांच्या मागे. टॅपेटावर तीन: ३, ४, ३. डर्टवर तीन: चर्चिल डाउन्सला पहिला, कीनलँडला तिसरा, फेअर ग्राउंड्सला पाचवा.

“पहिला आला तो कितीनं?” काकांनी विचारलं.

“सव्वासतरा लेंग्थनं.”

एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि उद्याची शर्यत त्याच मैदानावर?”

“हो. पण ती क्लेमिंग होती काका. तीस हजार डॉलरला कोणीही उचलून न्यावा अशा घोड्यांची. आताचा ट्रेनर एरिक रीडनं उचलला तो तिथूनच.”

“असू दे. हलक्या घोड्यांत कोणी दोन लेंग्थनं जिंकतो, कोणी चारनं. सतरानं जिंकतो त्याला त्या मातीत काहीतरी सापडलेलं असतं. खोडू नकोस, बाजूला ठेव.”

मी ऐकलं नाही. माझा मुद्दा होता फेअर ग्राउंड्सचा, आणि तो आजही मला पोकळ वाटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गन रनर स्टेक्समध्ये रिच स्ट्राइक डर्टवरच पळाला होता आणि पाचवा आला होता, आणि ती शर्यत जिंकणारा एपिसेंटर हाच उद्याचा फेव्हरिट होता. एकाच जमिनीवर समोरासमोर हरलेला घोडा साडेचार महिन्यांनी उलट निकाल देईल असं का मानायचं? काकांकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी एपिसेंटरच धरला होता. फक्त त्यांच्या पानावर २१ नंबर खोडलेला नव्हता, माझ्या पानावर होता.

शर्यत कशी झाली ते पुष्कळांनी पाहिलं असेल. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत, डर्बीच्या इतिहासात एवढी वेगवान सुरुवात कधी झाली नव्हती. अर्धा मैल ४५.३६. सव्वा मैलाच्या शर्यतीत हा वेग म्हणजे पुढच्यांनी स्वतःचीच दमछाक ओढवून घेणं. रिच स्ट्राइक तेव्हा अठराव्या जागी होता. विसाव्या गेटवरून सुटून जॉकी सॉनी लिऑननं त्याला हळूहळू आतल्या कठड्याकडे घेतलं आणि शेवटच्या वळणावर घोड्यांमधून वाट काढली. एपिसेंटर आणि झँडन एकमेकांशी झुंजत होते, कॅमेराही त्यांच्यावरच होता, आणि कठड्यालगत एक लालसर घोडा पुढे सरकत आला. पाऊण लेंग्थ. काका उठून उभे राहिले. मी बसलेलाच.

आता निदान. इथे मला स्वतःशी कठोर राहायचं आहे, कारण निकाल कळल्यावर सगळंच आधीपासून दिसत होतं असं वाटायला लागतं.

रिच स्ट्राइक जिंकला तो प्रामुख्यानं शर्यतीच्या वेगामुळे. पुढचे घोडे २१.७८ला न जाता २३ला गेले असते तर मागून येणाऱ्याला एवढी मोकळीक मिळाली नसती. तो वेग आदल्या रात्री माहीत असणं अशक्य. म्हणजे जमिनीचा रकाना भरला असता तरी मी त्याला विजेता ठरवलं नसतं, आणि ठरवलं असतं तर ती चूकच झाली असती. रकान्यानं एवढंच केलं असतं की ३-४-३ हे आकडे डर्बीच्या हिशेबातून बाहेर काढले असते. उरले असते तीन डर्टचे निकाल, एक फार मोठा, एक बरा, एक वाईट. हे चित्र “मध्यम घोडा” असं नाही. हे चित्र “याच्याबद्दल अजून नीट ठरलेलं नाही” असं आहे. आणि मोठ्या भावाच्या घोड्यात शोधायचं असतं ते हेच. सतत चौथा-पाचवा येणारा घोडा ८०च्या भावाला महागच असतो, कारण तो काय करणार ते सगळ्यांना माहीत असतं.

मग भावाचं गणित. ८०.८०च्या भावात शंभर रुपयांचे ८,१८० होतात. म्हणजे घोड्याला ८२ पैकी एका खेपेला जिंकायची कुवत असेल तर हिशेब सुटतो. माझा आजचा प्रामाणिक अंदाज, निकाल बाजूला ठेवून, त्याची शक्यता ५०त १ होती. तेवढी धरली तर लावलेल्या प्रत्येक रुपयाचे सरासरी १ रुपया ६४ पैसे. उत्तम सौदा. पण मी थोडा चुकत असेन आणि खरी शक्यता १००त १ असेल, तर रुपयाचे ८२ पैसे, सरळ तोटा. ५०त १ आणि १००त १ यांतला फरक डोळ्यांनी पाहून कोणालाही सांगता येत नाही. काकांना नाही, मला नाही, चाळीस वर्षं पुण्याच्या कठड्याला टेकून उभे राहिलेल्यांनाही नाही. लाँगशॉटचा, म्हणजे मोठ्या भावाच्या घोड्यांचा, सगळा धंदा या न दिसणाऱ्या फटीत चालतो. जमिनीचा रकाना ही फट मोजून देत नाही, कोणत्या बाजूला झुकायचं तेवढं सांगतो.

म्हणूनच रक्कम किती हा प्रश्न घोडा कोणता याच्या बरोबरीचा आहे. बेल लॅबमधल्या जॉन केलीनं १९५६ साली मांडलेलं सूत्र इथे लावून पाहिलं: शक्यता ५०त १ धरूनही भांडवलाच्या पाऊण टक्क्याहून किंचित जास्त एवढीच रक्कम येते. दहा हजार घेऊन मैदानावर गेलात तर साधारण ७९ रुपये. आणि अंदाज अगदी बरोबर असला तरी अशा पन्नास पैजा लागोपाठ हरण्याची शक्यता ३६ टक्के, शंभर हरण्याची १३ टक्के. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. रिच स्ट्राइकची गोष्ट ऐकून जो उद्यापासून दर शर्यतीत शेवटचा घोडा घेईल त्याचं काय होतं तेही जुनं आहे: रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञानं १९४९ सालीच दाखवलं की लोक मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त पैसे लावतात. त्यात चर्चिल डाउन्स विनवर लागलेल्या एकूण पैशांतून १७.५ टक्के आधीच कापून घेतं.

उलट बाजूही तपासली. “कृत्रिम जमिनीवरून आलेल्या घोड्याचे निकाल बाजूला काढा” हा नियम करायला गेलं की २०११चा अ‍ॅनिमल किंगडम आडवा येतो. तो डर्बीपूर्वी डर्टवर एकदाही पळालेला नव्हता. कृत्रिम जमीन आणि गवत, एवढंच. शेवटचा विजय त्याच टर्फवेवर, स्पायरल स्टेक्समध्ये, तेव्हा तिथे पॉलिट्रॅक होता. डर्बीत भाव २०चा, आणि पावणेतीन लेंग्थनं जिंकला. पुढे २०१२ला गवतावर ब्रीडर्स कप माइलमध्ये दुसरा आणि २०१३ला मेदानच्या टॅपेटावर दुबई वर्ल्ड कप. असे घोडे असतात, त्यांना जमीन विचारावी लागत नाही. २००९चा माइन दॅट बर्ड आणखी वेगळा: कॅनडात पॉलिट्रॅकवर गाजलेला, ब्रीडर्स कपला शेवटचा, न्यू मेक्सिकोतल्या डर्टवरही हरलेला, आणि डर्बीच्या दिवशी मैदान पावसानं लापशी झालेलं असताना ५०च्या भावात पावणेसात लेंग्थनं पहिला. त्याचे जमिनीप्रमाणे रकाने केले असते तरी “ओला डर्ट” हा रकाना रिकामाच निघाला असता. आता आमच्या वहीत रिकाम्या रकान्यात शून्य लिहायचं नाही, प्रश्नचिन्ह लिहायचं.

रिच स्ट्राइकचं पुढे काय झालं ते या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बेलमाँटला डर्टच, सहावा. ट्रॅव्हर्सला डर्ट, सव्वा मैल, बापाची शर्यत, चौथा; जिंकला एपिसेंटर. मग १ ऑक्टोबरला चर्चिल डाउन्सला लूकस क्लासिक: दुसरा, हॉट रॉड चार्लीच्या फक्त डोक्याएवढा मागे. त्यानंतर तो कधीच जिंकला नाही. आयुष्यात दोन विजय आणि एक निसटता दुसरा नंबर, तिन्ही एकाच मैदानावर. काकांनी विचारलेला प्रश्न आठवला: “आणि उद्याची शर्यत त्याच मैदानावर?” मी डर्ट हा एक रकाना धरत होतो, ते मैदान विचारत होते. डर्ट सगळीकडे सारखा नसतो. वाळूचं प्रमाण, थराची खोली, वळणांचा घेर, सगळं बदलतं. फेअर ग्राउंड्सचा पाचवा नंबर, ज्यावर मी एवढा अडून बसलो होतो, तो दुसऱ्या डर्टवरचा होता.

त्या जुलैत आम्ही रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलो. वहीत आता नवे रकाने होते: मैदान, आणि त्या दिवशीचं पेनिट्रोमीटर. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून दांड्यावर पडलं की तो गवतात किती रुततो त्याचा तो आकडा. जितका मोठा तितकी जमीन मऊ. सहाव्या शर्यतीत एक घोडी होती, मुंबईच्या कोरड्या गवतावर चार वेळा मागे राहिलेली, पुण्याच्या ओल्या मातीत मागच्या वर्षी एकदा पहिली. भाव ३०च्या आसपास. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी काका बराच वेळ उभे राहिले. “बघ, गुडघा उचलून टाप टाकतेय,” ते म्हणाले. “खूर रुंद आहे. हिला चिखल चालेल.” त्यांच्या वडिलांनी पागेत शिकवलेलं हे, जमिनीलगत सरकत जाणारी चाल असेल तर घोडा कडक जमिनीचा. मी शंभर रुपये लावले, वर २८ टक्के जीएसटी. (आता तो ४० झाला आहे, आणि त्यानं आमच्यासारख्यांचं हे सगळं गणित पार पालटलं, पण तो वेगळा विषय.)

घोडी चौथी आली. वळणापर्यंत ती छान होती, मग बाहेर ढकलली गेली. परतीच्या गाडीत मी वही उघडली आणि निकालाच्या रकान्यात ४ लिहिला. शेजारी “निर्णय” असा रकाना आहे, त्यात बरोबर किंवा चूक लिहायचं असतं, आणि ते निकाल पाहून लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. मी बरोबर लिहिलं. काकांनी वही हातात घेतली, वाचली, आणि पेन मागून त्या शब्दाखाली बारीक अक्षरात भर घातली: “ओल कमी होती, रीडिंग सकाळचं. शर्यतीआधी पुन्हा बघायला हवं होतं.”